पट वीसच्या आत

दरवर्षी ३० सप्टेंबरला वाडीवस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेचं भवितव्य एका आकड्यात मावतं. त्या दिवशी पटावर किती मुलं आहेत आणि त्यातल्या किती जणांचं आधार वैध ठरलं, यावरून संचमान्यता होते. संचमान्यतेवरून शिक्षकांची पदं ठरतात, आणि पदांवरून शाळा चालवायची की शेजारच्या शाळेत ‘समायोजित’ करायची याची कुजबुज सुरू होते. आकडा वीसच्या आत आला की शाळेला ‘कमी पटाची’ हे विशेषण कायमचं चिकटतं. तिथं तिसरीतलं पोर वाचतं का, पाचवीच्या पोरीला भागाकार येतो का, हे विचारायला मग कुणी फिरकत नाही. किती डोकी आहेत, एवढंच विचारायला येतात.

सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तालयाने पत्र काढून वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी समूह शाळा, म्हणजे अनेक लहान शाळांची मुलं एकत्र आणणाऱ्या मोठ्या शाळा, उभ्या करण्याचे प्रस्ताव जिल्ह्यांकडून मागवले. नंदुरबारमधलं तोरणमाळ आणि पुण्यातलं पानशेत ही उदाहरणं पुढे ठेवली गेली. तेव्हा राज्यात अशा १४,७८३ शाळा होत्या आणि त्यांत १,८५,४६७ मुलं शिकत होती. म्हणजे सरासरी एका शाळेत बारा-तेरा. ओरड झाली, मोर्चे निघाले आणि ‘एकही शाळा बंद होणार नाही’ असं आश्वासन मिळालं. त्याआधी २०१७ च्या अखेरीस दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करून मुलं जवळच्या शाळांत हलवायचं ठरलं होतं, तेव्हाही अशीच आश्वासनं दिली गेली होती.

खरं तर शाळा बंद करायला आदेश लागतच नाही. शिक्षक काढून घेतला की पुरतं. सप्टेंबर २०२४ मध्ये वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळेत दोनपैकी एका जागी निवृत्त किंवा कंत्राटी शिक्षक नेमायचा निर्णय निघाला. शिक्षक सामूहिक रजेवर गेले, आंदोलन झालं आणि पुढे सरकारला पाऊल मागे घ्यावं लागलं. पण दिशा कळली. दोन शिक्षकांतला एक गेला की उरलेला एक पाच इयत्ता, पोषण आहार, पोर्टलं आणि तालुक्याच्या बैठका सांभाळतो. तो बैठकीला गेला की शाळेला कुलूप, किंवा अंगणवाडीताईंच्या भरवशावर मुलं. सहा महिन्यांत पालक दाखले काढतात आणि पुढच्या सप्टेंबरला पट आणखी खाली. मग म्हणायचं, पालकांनीच शाळा नाकारली.

माझं म्हणणं असं की पट हा शाळा बंद करण्याचा निकष असूच नये. मुलाचं वय आणि शाळेपर्यंतचा रस्ता हे निकष असावेत. आणि ज्या लहान शाळा राहणारच आहेत, त्यांना मोठ्या शाळेची अर्धवट नक्कल समजणं सोडून लहान शाळा म्हणूनच चालवायला आपण शिकलं पाहिजे.

समूह शाळेच्या बाजूने बोलणारे सगळेच बनिया बुद्धीचे आहेत असं मी मानत नाही. त्यांचा एक मुद्दा बिनतोड आहे. पाच मुलांच्या शाळेत सात वर्षांच्या मुलीला तिच्या वयाची एकही मैत्रीण नसते. कबड्डीचा संघ होत नाही, गटात वाद घालायला कुणी नसतं. शिक्षकही एकटा पडतो. वर्गात काही नवं करून पाहिलं तर ते दाखवायला, त्यातली चूक काढायला सहकारी नसतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही हेच दुखणं नोंदवलं आहे. त्यातल्या आकड्यांनुसार २०१६-१७ मध्ये देशातल्या सुमारे २८ टक्के सरकारी प्राथमिक शाळांत तीसपेक्षा कमी मुलं होती आणि एकशिक्षकी शाळा एक लाख आठ हजारांच्या घरात होत्या. धोरणाने त्यावर दोन वाटा सांगितल्या: शाळांचे गट करा, किंवा त्यांचं सुसूत्रीकरण, म्हणजे विलीनीकरण, करा. प्रशासनाच्या कानाला दुसरा शब्द जास्त गोड लागतो, कारण त्यात पदं कमी होतात.

पैशाचा हिशेब मांडायचाच तर पूर्ण मांडू या. समग्र शिक्षा योजनेत तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान मिळतं १०,००० रुपये. त्यात खडू, रजिस्टरं, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती, सगळं. म्हणजे या शाळेवर खर्च होतो तो पगारावर, आणि पगार घेणारा शिक्षक शाळा बंद झाली म्हणून घरी जात नाही. तो दुसऱ्या शाळेत समायोजित होतो. बचत होते ती पुढच्या भरतीत, कारण ती पदंच संपतात. उलट त्याच योजनेत वाहतूक भत्त्याची तरतूद मुलामागे वर्षाला ६,००० रुपयांपर्यंत आहे. बारा मुलं हलवली तर ७२,००० झाले. पगारापुढे ही रक्कम किरकोळ आहे, मान्य. पण हिशेबात न धरलेला मोठा खर्च पालकांच्या खिशातून जातो. गाडी आली नाही त्या दिवशी आई किंवा आजी मुलाला सोडायला जाते आणि तिचा अर्ध्या दिवसाचा रोज बुडतो. घरात दोन लेकरं असतील तर मुलाला पाठवतात आणि मुलीला ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणतात. हा खर्च कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही, म्हणून शाळा बंद करणं स्वस्त वाटतं.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. पहिली ते पाचवीच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीच्या मुलाला तीन किलोमीटरच्या आत शाळा असावी, असा नियम त्यातून आला. याच कायद्याच्या परिशिष्टात साठपर्यंत मुलं असतील तर दोन शिक्षक, असं म्हटलं आहे. साठपर्यंत म्हणजे किती पासून, याला खालची मर्यादा दिलेली नाही. नऊ मुलं असली तरी दोन शिक्षक हा त्या मुलांचा हक्क आहे, शासनाची मेहेरबानी नव्हे.

आणि किलोमीटर म्हणजे कुठला किलोमीटर? कार्यालयात बसून नकाशावर पट्टी ठेवली की दोन वाड्यांतलं अंतर आठशे मीटर भरतं. मधला ओढा नकाशावर निळी रेघ असतो. जुलैत तो कमरेइतका वाहतो आणि वरून रानडुकरांची वाट जाते. साताऱ्यात कोयनेच्या जलाशयाकाठी खिरखंडी नावाचं गाव आहे. तिथल्या मुली स्वतः होडी वल्हवत पाणी ओलांडतात आणि पुढे जंगलातून चालत शाळा गाठतात, हे वाचून जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली होती. वर्तमानपत्रांनी त्या मुलींच्या धाडसाचं कौतुक केलं. मला ते कौतुक खटकलं. शाळेत जायला मुलीला धाडस करावं लागतं, ही कौतुकाची बातमी कशी होते?

तोरणमाळची शाळा निवासी आहे. सातपुड्यातल्या पाड्यांसाठी आठवी-नववीच्या मुलांना निवासी शाळा उपयोगाची ठरू शकते. तिथं बाकी काही पर्यायच नसतो. पण पहिलीतलं सहा वर्षांचं पोर? घरी भिली किंवा पावरी बोलणारं, रात्री आजीच्या कुशीत झोपणारं पोर वसतिगृहाच्या हॉलमध्ये चाळीस जणांत ठेवायचं आणि त्याला ‘दर्जेदार शिक्षण’ म्हणायचं, हे मला पटत नाही. आश्रमशाळांचा इतक्या वर्षांचा अनुभव गाठीशी असताना तर मुळीच नाही.

चीनने हा प्रयोग आपल्या कितीतरी पट मोठ्या प्रमाणावर करून पाहिला आहे. २००१ पासून तिथं गावोगावच्या लहान शाळा मिटवून मुलं मोठ्या शाळांत नेण्याचा सपाटा लागला. कारणं आपल्यासारखीच: जन्मदर घटला, लोक शहराकडे गेले, लहान शाळा महाग पडतात. मुलांचे रस्ते लांबले, कोवळ्या वयाची मुलं वसतिगृहांत गेली. नोव्हेंबर २०११ मध्ये गान्सू प्रांतात नऊ आसनांच्या एका गाडीत साठहून अधिक जणांना कोंबून बालवाडीत नेत असताना अपघात झाला आणि एकवीस जण दगावले, त्यात बहुतेक लहान मुलं. पुढच्याच वर्षी तिथल्या केंद्र सरकारने सरसकट विलीनीकरण थांबवलं. चीनसारख्या सरकारला जे मागे घ्यावं लागलं, ते आपण नव्या नावाने पुढे आणतो आहोत.

आता शिकवण्याकडे येतो, कारण खरी गोम तिथंच आहे. लहान शाळा वाईट असते या समजुतीच्या मुळाशी एक गृहीतक आहे: एका वर्गात एका वयाची, एका इयत्तेची मुलं आणि समोर एक शिक्षक, हीच खरी शाळा. त्यावरून पाहिलं तर दोन शिक्षकांची शाळा लंगडीच दिसणार. पण एखाद्या चांगल्या द्विशिक्षकी शाळेत सकाळचा एक तास बसून पाहा. एका खोलीत पहिली-दुसरी, दुसऱ्या खोलीत तिसरी ते पाचवी. बाई पहिलीच्या चौघांना आगपेटीच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधायला बसवतात. दुसरीतल्या दोघी फरशीवर आखलेल्या चौकटींत दशक-सुटे मांडून बेरीज करतात. त्यांचं झालं की त्यांतली एक पहिलीच्या गठ्ठ्यांत अकरा काड्या गेलेल्या पकडते आणि कंबरेवर हात ठेवून, अगदी बाईंच्या सुरात, ‘परत मोज’ म्हणते. पलीकडच्या खोलीत पाचवीचा मुलगा तिसरीतल्या मुलाचं वाचन ऐकतोय. अडखळला की लगेच शब्द पुरवायचा नाही, थांबायचं, हे त्याला शिकवलेलं आहे. पहिलीतलं पोर जे ऐकतंय ते दुसरीचं आहे, त्याला अर्धं कळतंय, आणि वर्षभराने तो धडा त्याच्यापुढे येईल तेव्हा तो ओळखीचा असेल. ज्याला मागच्या वर्षीचं आलं नाही, त्याला मागे जाऊन बसायला लाज वाटत नाही, कारण मागचा वर्ग त्याच सतरंजीवर आहे.

हे आपोआप होत नाही. अशा वर्गाचं नियोजन एका इयत्तेला शिकवण्यापेक्षा कितीतरी अवघड असतं. आणि याचं प्रशिक्षण आपण शिक्षकाला जवळजवळ देतच नाही. पदविका करताना पाठ टाचण काढायचं ते एका इयत्तेचं, एका विषयाचं, एका तासाचं. नेमणूक मिळते ती पाच इयत्तांच्या शाळेवर. ग्रामीण शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण भागातल्या निम्म्याहून अधिक सरकारी प्राथमिक शाळांत साठपेक्षा कमी मुलं आढळली. म्हणजे बहुवर्ग अध्यापन, एकाच शिक्षकाने अनेक इयत्तांना एकत्र शिकवणं, हा अपवाद उरलेला नाही, तीच रीत झाली आहे. आणि आपली पुस्तकं, टाचणं, परीक्षा, तपासणीचे नमुने अजून अपवादालाच रीत समजून चालले आहेत.

ज्यांनी हे उलटं केलं, त्यांना फळ मिळालं. कोलंबियात १९७० च्या दशकात विकी कोल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यांतल्या एक-दोन शिक्षकी शाळांसाठी ‘एस्क्वेला नुएवा’ म्हणजे ‘नवी शाळा’ ही पद्धत उभी केली. मुलांनी आपल्या गतीने पुढे जायचं, त्यासाठी स्वतः वाचून शिकता येईल अशा मार्गदर्शिका, गटकाम, मुलांचं मंडळ, आणि शिक्षकांनी एकमेकांच्या शाळा पाहायला जायचं. पुढे ती राष्ट्रीय धोरणात आली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस युनेस्कोने लॅटिन अमेरिकेतल्या शाळांची तुलना केली तेव्हा, महानगरं सोडली तर, ग्रामीण शाळा शहरी शाळांपेक्षा सरस ठरल्या त्या कोलंबियात. इकडे आंध्र प्रदेशात ऋषी व्हॅलीच्या परिसरातल्या छोट्या शाळांनी मुलांना आपल्या गतीने पायरीपायरीने शिकता येईल अशी कार्डांची शिडी बनवली, तामिळनाडूने त्याच धर्तीवरचं कृतियुक्त शिक्षण राज्यभर नेलं. आपल्याकडे साताऱ्यातलं कुमठे बीट, म्हणजे तिथल्या शाळांचा गट, पाहायला राज्यभरातून शिक्षकांच्या गाड्या भरून येत होत्या आणि २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ सुरू झालं, तेव्हा या कामाचा गाजावाजाही झाला. मग अधिकारी बदलले, प्राधान्यं बदलली, फरशीवरच्या चौकटी पुसट झाल्या.

इथं एक गोष्ट मुद्दाम सांगतो. आपल्याला नायक आवडतात. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला तेव्हा मंत्र्यांपासून सगळ्यांनी फोटो काढले. परितेवाडी ही वाडीच आहे, तिथली शाळाही लहानच. पण त्यातून ‘लहान शाळेला काय लागतं’ हा प्रश्न धोरणात शिरला नाही. शिरला तो एवढाच की बाकीच्या शिक्षकांनीही असंच करून दाखवावं, लोकसहभागातून. लोकसहभाग हा शब्द आला की मी जरा सावध होतो. गावाने वर्गणी काढून रंग दिला, टीव्ही बसवला, तर उत्तमच. पण शौचालयाचं दार आणि दुसरा शिक्षक गावाच्या वर्गणीतून यावा, ही अपेक्षा शहरातल्या कुठल्या शाळेकडून करतो आपण?

पट का घटतो, याचंही एक उत्तर शासनाच्याच दारात आहे. जन्मदर उतरला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा प्रजनन दर १.७ वर आलेला दिसतो. बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडीला कुटुंबंच्या कुटुंबं दिवाळीनंतर बाहेर पडतात. हे झालं नाइलाजाचं. पण २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्यानंतर तालुक्याच्या रस्त्यालगत इंग्रजी माध्यमाच्या शाळांना भराभर मान्यता दिल्या त्या कुणी? पिवळी गाडी वाडीच्या तोंडाशी येऊन थांबते, मुलं टाय लावून बसतात. पालक मूर्ख नाहीत. त्यांना दोन पूर्णवेळ शिक्षक आणि रोज उघडी शाळा हवी असते, आणि इंग्रजी. (ज्यांची स्वतःची मुलं त्याच पिवळ्या गाडीत जातात, त्यांत जिल्हा परिषदेचे शिक्षकही कमी नाहीत.) एका हाताने स्पर्धक उभा करायचा आणि दुसऱ्या हाताने पट मोजायचा, याला सुसूत्रीकरण म्हणत नाहीत.

मग एकटेपणाच्या त्या बिनतोड मुद्द्याचं काय? त्याचं उत्तर आपल्याकडे १९९० च्या दशकापासून आहे, फक्त त्यात जीव ओतलेला नाही. राज्यात ४,८६० केंद्रं आहेत; दहा-बारा शाळांमागे एक केंद्रशाळा आणि एक केंद्रप्रमुख. शाळा-संकुलाची जी कल्पना कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात मांडली आणि नव्या धोरणाने पुन्हा उचलली, तिचा सांगाडा म्हणजे हीच केंद्रं. केंद्रप्रमुखांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या ठेवायच्या, भरल्या त्यांना माहिती गोळा करणारे कारकून करायचं, आणि मग लहान शाळा एकाकी आहेत म्हणून हळहळायचं, असं चाललं आहे. केंद्राला एक कारकून द्या, म्हणजे पोषण आहाराचा तांदूळ, यू-डायसवरची शाळेची माहिती, आधार दुरुस्ती आणि शालार्थवरची पगाराची कामं शिक्षकाच्या टेबलावरून उठतील. कला, क्रीडा आणि इंग्रजीचा एकेक फिरता शिक्षक द्या. आणि एक गाडी द्या. ती गाडी मुलांना रोज वाडीबाहेर नेण्यासाठी नको, आठवड्यातून एक दिवस पुरे: शनिवारी दहा वाड्यांची पोरं केंद्रशाळेत जमतील, कबड्डीचे संघ होतील, प्रयोगाचं साहित्य हाताळतील, आणि त्याच दुपारी त्यांचे शिक्षक एकत्र बसतील. रोजच्या वाहतुकीच्या पैशांत ही आठवड्याची गाडी भागते.

कुठलीच शाळा कधीच बंद करू नये, असं माझं म्हणणं नाही. एकाच गावठाणात दोन गल्ल्या सोडून दोन शाळा असतील, मध्ये ओढा नाही, हमरस्ता नाही, तर त्या एकत्र करा. दोन शिक्षकांचे चार होतील. सहावी-सातवीचे वर्ग तीन-चार मुलांवर चालवण्यात मला अर्थ दिसत नाही. त्या वयाच्या मुलांना विषयाचे शिक्षक हवेत आणि सायकल चालवता येते. पण चौथीपर्यंतच्या मुलाला पायी जाता येईल एवढ्या अंतरावर शाळा हवी, मग तिचा पट सात असो की सत्तर.

जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये ब्रिटिश सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात हिशेबाचाच प्रश्न काढला होता. महसूल येतो रयतेच्या घामातून आणि शिक्षणाचा पैसा जातो वरच्या वर्गांकडे, म्हणून लोकल फंडाचा, म्हणजे स्थानिक करातून जमणाऱ्या निधीचा, निदान निम्मा भाग तरी प्राथमिक शिक्षणावर खर्च करा, अशी त्यांची मागणी होती. आजही ‘मुलामागे खर्च’ हा शब्द काढला जातो तो वाडीच्या शाळेसमोर. शहरातल्या अनुदानित महाविद्यालयात एखाद्या विषयाला चार विद्यार्थी असले तरी तिथं तो इतक्या सहजी निघत नाही.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या महिला असाव्यात, असं कायदाच सांगतो. बहुतेक ठिकाणी ही समिती सह्यांपुरती असते, हे खरं. पण शाळा हलवायचा प्रस्ताव आला की हेच एक हत्यार गावाच्या हातात आहे. प्रस्ताव आला तर समितीने आणि ग्रामसभेने लेखी विचारावं: जुलैत मुलांबरोबर तो रस्ता कोण चालून आलं? गाडी किती वर्षं येणार, आणि बंद पडली तर कुणाला जबाबदार धरायचं? शिक्षकाची पदं राहणार की संपणार? आणि सगळ्यांत आधी २०१७ च्या यादीतल्या शाळांची मुलं आज कुठं आहेत, किती दहावीला पोचली, त्यात मुली किती, हे गावाच्या आणि मुलांच्या नावानिशी सरकारने आपल्या दप्तरातून काढून द्यावं. तो कागद समितीच्या हातात पडेपर्यंत नव्या यादीवर चर्चेला बसायची गरज नाही.